शाईवाल्याचं पेन

जुन्या पेनांचे शौकीन एकत्र बसले की गप्पा पार्कर, शेफर, पेलिकनपासून सुरू होतात. मग राजमहेंद्रीच्या रत्नमचं नाव निघतं. कुणीतरी मुंबईच्या एअरमेलचं जाडजूड पेन खिशातून काढतो, टोपण फिरवून निब दाखवतो. कॅम्लिनचं पेन मात्र त्या टेबलावर क्वचितच येतं. ते सगळ्यांनी वापरलेलं असतं आणि म्हणूनच कुणी नीट पाहिलेलं नसतं. दहावीच्या परीक्षेपर्यंत ते हातात असतं, नोकरी लागली की खणाच्या तळाशी जातं. त्यात जपून ठेवण्यासारखं काय आहे, असं लोक विचारतात. पुष्कळ आहे. फक्त ते शाईच्या बाजूनं वाचावं लागतं. ज्या दांडेकर घराण्यानं ते केलं, ते घराणं पेनाकडे शाईच्या वाटेनं आलं, आणि ती वाट त्या पेनाच्या अंगोपांगी दिसते.

१९३१ साली मुंबईत डी. पी. दांडेकर आणि त्यांचे बंधू जी. पी. दांडेकर यांनी ‘दांडेकर आणि कंपनी’ या नावानं धंदा उभा केला. माल होता घोडा छाप शाईची पूड आणि शाईच्या वड्या. आज हा माल किरकोळ वाटेल. त्या काळच्या शाळेत जाऊन पाहिलं तर त्यामागची अक्कल कळते. वर्गात बाकाला दौतीसाठी भोक पाडलेलं, मुलांच्या हातात टाक, आणि दौती भरायच्या त्या शाळेत कालवलेल्या शाईनं. बाटलीतली तयार शाई म्हणजे ओझं मुख्यतः पाण्याचं. वाटेत काच फुटली की सगळा माल गेला. पुडीला ना वजन, ना फुटायची भीती. पाणी तर प्रत्येक गावात आहेच. दांडेकरांनी पाणी वगळून फक्त शाई विकायला काढली, ही या घराण्याची पहिली कारागिरी.

आमच्या करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सक्तीच्या शिक्षणाचा हिशेब आपण शाळा आणि मास्तर यांत मांडतो, पण त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्यामागे थोडी शाई लागते, हेही खरं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी लेखणी धरली नव्हती, त्या घरांतली मुलं अक्षर गिरवायला बसली. लिहिणारे हात असे वाढत असताना शाई स्वस्त होणं आणि खेड्यापर्यंत पोचणं ही केवळ बाजाराची गोष्ट राहत नाही. घोडा छाप पुडीकडे मी म्हणूनच मोठ्या आदरानं पाहतो.

काळही तसाच होता. १९३० च्या सत्याग्रहानं स्वदेशीला पुन्हा धार आली होती. त्याच्या आधीच आपल्या भागात किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतात गेला होता, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली होती, आणि कराडजवळ ओगल्यांनी १९१६ साली काच कारखाना काढला होता. त्या कारखान्याच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात कितीतरी मुलांनी अभ्यास केला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तोही याच सुमाराचा. नांगर, कंदील, कॅमेरा आणि शाई, या चारही गोष्टी परदेशातून तयार येत असताना मराठी माणसानं त्या उघडून पाहिल्या आणि पुन्हा आपल्या हातांनी केल्या. इतर तिन्हींचं कौतुक आपण भरपूर केलं. शाईचं करायचं राहून गेलं.

पुडीवरून दांडेकर लवकरच फाउंटन पेनाच्या शाईकडे वळले. तिचं नाव ‘कॅमल’, आणि खोक्यावर उंट. ही उडी दिसते त्याहून फार लांबची होती.

टाकाची शाई कशीही चालते. निब दौतीत बुडवायची, दोन शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायची. शाई दाट झाली तर पाणी घालायचं, तळाशी गाळ बसला तर वरची घ्यायची. आपल्याकडच्या जुन्या काळ्या शाईत तर काजळी आणि डिंक असायचा, आणि पोथ्यांची अक्षरं शेकडो वर्षं टिकली ती त्याच जोरावर. दुसरी जात हिरड्यासारख्या तुरट फळांचा अर्क आणि हिराकस यांच्या शाईची. ती कागदावर फिकट उतरते आणि हवा लागली की काळी पडत जाते. दोन्ही शाया उत्तम, पण दोन्ही फाउंटन पेनाच्या वैरी. काजळीचे कण बारीक वाटेत अडकतात. डिंक वाळला की निबेची चीर चिकटून जाते. हिराकशीच्या शाईतली आम्लता साध्या पोलादाच्या निबेला खाते. जुन्या काळी सोन्याची निब वापरायचे त्यात श्रीमंतीचा भाग होताच, पण शाईपुढे सोनं गंजत नाही हे त्याचं खरं कारण होतं.

फाउंटन पेनाची शाई म्हणून वेगळीच करावी लागते. तिच्यात रंग पूर्ण विरघळलेला हवा, एक कणही तरंगता कामा नये. निबेच्या टोकावर ती पटकन वाळू नये, पण कागदावर लगेच वाळावी. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि शाई करणाऱ्याचं सगळं कसब त्या दोघींच्या मधे उभं राहण्यात आहे. निबेवर ओल राहावी म्हणून ग्लिसरीनसारखं काही घालायचं. ते जास्त झालं की अक्षर तासभर ओलं राहतं आणि तळहाताला लागतं. शाई केसाएवढ्या चिरेतून सरळ उतरावी म्हणून तिचा ताण थोडा कमी करायचा. तो फार कमी झाला की ती कागदात पसरते आणि अक्षराला मिशा फुटतात. पावसाळ्यात बाटलीत बुरशी धरू नये म्हणून जंतुनाशक हवं. जुनी शाईची बाटली उघडली की दवाखान्याची आठवण देणारा उग्र वास येतो तो बहुधा त्याचाच. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत बुरशीविना राहिलेली शाई ही साधी गोष्ट नाही.

योगायोग असा की अमेरिकेतल्या पार्कर कंपनीनं आपली प्रसिद्ध ‘क्विंक’ शाई बाजारात आणली तीही १९३१ सालीच. पेन बनवणाऱ्या कंपनीला शाई करावीशी वाटली, कारण वाईट शाईनं पेन खराब झालं तरी बोल पेनालाच लागतो. पार्कर पेनाकडून शाईकडे आली. दांडेकर शाईकडून पेनाकडे गेले. पार्करला शाई हवी होती ती आपलं पेन राखण्यासाठी. दांडेकरांना पेन हवं होतं ते आपली शाई वापरली जावी म्हणून. १९४६ साली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड झाली आणि कॅम्लिन हे नाव पेन, पेन्सिल, कंपासपेटी असं शाळेच्या दप्तरात सगळीकडे दिसू लागलं. तरी मूळ धंदा कुठला, हे त्या पेनात डोकावलं की लपत नाही.

आता पेन हातात घेऊ या. मी बोलतो आहे ते साध्या, ड्रॉपरनं भरायच्या शाळकरी पेनाबद्दल. महागड्या धातूच्या नळीच्या पेनांबद्दल मला इथं काही म्हणायचं नाही. हे प्लास्टिकचं आहे आणि प्लास्टिकचं असल्याची लाज त्याला नाही. लाकडाचा, कासवाच्या पाठीचा, संगमरवराचा आव त्यानं आणलेला नाही. पकड पिळून काढली की खाली सरळ नळी, आणि ती सगळीच्या सगळी शाईची. आत रबरी पिशवी नाही, दट्ट्या नाही, स्क्रू नाही, काडतूस नाही. बिघडायला काही ठेवलेलंच नाही. नामांकित परदेशी पेनांनी शाई भरायच्या युक्त्या काढण्यात पन्नास वर्षं घालवली. तरफ लावली, कळ लावली, पोकळी निर्माण करून शाई ओढून घेतली. त्या प्रत्येक युक्तीनं पेनातली काही जागा खाल्ली. इथं ती जागा शाईला परत दिलेली आहे. शाईवाल्याला यापेक्षा वेगळं काय सुचणार?

नळीचं तोंड रुंद आहे. मुलाचा हात थरथरला तरी ड्रॉपर आत जातो. फिरकीचे आटे भरपूर आणि ठसठशीत. पकड आणि नळी यांच्या सांध्यातून शाई बाहेर न येण्याची जबाबदारी त्या आट्यांवरच आहे. बोटाला शाई लागू नये म्हणून आट्यांवर मेणाचा किंवा व्हॅसलीनचा हलका हात फिरवायची आपली जुनी रीत होती, आणि ती आजही तितकीच चांगली आहे.

निब पोलादाची. खाली जिभली. शाईचं खरं यंत्र तेच, आणि बहुतेकांचं लक्ष तिच्याकडे जातच नाही. निबेच्या पोटाला टेकून बसलेल्या या जिभलीत वरून एक बारीक खाच जाते. तिच्यातून शाई खाली येते आणि जेवढी शाई गेली तेवढी हवा वर नळीत शिरते. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमननं या देवाणघेवाणीचं पेटंट घेतलं, तेव्हा फाउंटन पेन भरवशाचं झालं. जिभलीच्या बाजूला आडव्या चिरा असतात. जास्तीची शाई उतरली तर ती कागदावर न सांडता त्या चिरांत थांबते. हाताच्या उबेनं नळीतली हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते, तेव्हा हीच जिभली तो लोंढा अडवून धरते. पेन अर्ध्याहून रिकामं असेल तर नळीत हवा जास्त, आणि हवा जास्त तर फुगणंही जास्त. म्हणून ड्रॉपरचं पेन तळाशी जाईपर्यंत वापरू नये, तिसरा हिस्सा उरला की भरावं. मे महिन्यात कोल्हापुरात उन्हातून चालत आल्यावर खिशातलं पेन शाई ओकतं, याला आपण पेनाचा दोष समजायचो. ते हवेचं काम होतं.

या पेनाबद्दल माझ्या मनात सर्वांत जास्त आदर आहे तो त्याच्या पहिल्या टेकीबद्दल. यासाठी आपली लिपी कशी लिहिली जाते हे पाहायला हवं. इंग्रजीच्या जोडलिपीत एक शब्द लिहिताना पेन जवळजवळ उचललंच जात नाही. शाई एकदा वाहू लागली की वाहत राहते. देवनागरीचं तसं नाही. ‘कोल्हापूर’ हा एवढासा शब्द लिहून पाहा. ‘क’चा पोटातला वळसा, उभा दंड, काना, मात्रा, अर्धा ‘ल’, ‘ह’, पुन्हा काना, ‘प’चा वाटोळा भाग, त्याचा दंड, दीर्घ उकार, ‘र’, आणि शेवटी डोक्यावरची रेघ. पेन दहा-बारा वेळा उचललं आणि टेकवलं जातं. प्रत्येक वेळी टेकताक्षणी शाई उतरली पाहिजे. केसभर जरी ती अडखळली, तरी काना वरून सुटतो, मात्रेचं टोक गायब होतं. मराठी लिहिणाऱ्याला पेन वाहण्यापेक्षा पेन लागण्याची गरज जास्त असते. गुळगुळीत वाहणारी, नावाजलेली कितीतरी परदेशी पेनं या परीक्षेत मागे पडतात, कारण ती न उचलता लिहिणाऱ्या हातासाठी घडवलेली आहेत. शाळकरी पेनाची ओलसर निब इथं बाजी मारते. ती थोडी जाड लिहिते, हे मान्य. पण ती टेकताच लिहिते.

मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला हा प्रश्न नव्हता. तो आधी पानभर आडव्या रेघा ओढायचा आणि मग त्या रेघांना लटकणारी अक्षरं हात फारसा न उचलता लिहीत जायचा. विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी गेली, बाळबोध राहिली, आणि नेमका त्याच काळात टाकाच्या जागी फाउंटन पेन आलं. लिपीची पद्धत आणि लेखणी दोन्ही एकाच पिढीत बदलली. आपल्या आजोबांच्या आणि वडिलांच्या अक्षरांत जो आमूलाग्र फरक दिसतो, त्यामागे शिक्षणाइतकंच हे कारण आहे.

त्या बदलात आपण एक गोष्ट गमावली. बोरूचा कत तिरका मारलेला असायचा, त्यामुळे एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटायची. देवनागरी अक्षराचं सौंदर्य या जाड-बारीक खेळावर उभं आहे. आपल्या बोरूचा कत रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट बाजूला कललेला असतो. फाउंटन पेनाच्या निबेचं टोक गोल. ते सगळीकडे सारखीच रेघ काढतं. अक्षर चटकन लिहून होतं, वाचता येतं, पण त्याचं अंग सपाट होतं. याची खंत मला वाटते.

पण जुनं वापरलेलं पेन भिंगाखाली धरलं की त्यातली थोडी भरपाई दिसते. महागड्या निबेच्या टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा ठिपका असतो, तो वर्षानुवर्षं झिजत नाही. शाळकरी निबेचं टोक बहुधा पोलादाचंच. ते झिजतं. आणि कसं झिजतं, तर लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनात. माझ्याकडच्या एका पेनाच्या निबेचं टोक एका अंगाला असं घासलं गेलं आहे की तिथं एक चिमुकली तिरकी कड तयार झाली आहे. त्या पेनानं लिहिलं की उभा दंड जरा भरीव येतो आणि शिरोरेघ किंचित बारीक. कुणी मुद्दाम घडवलेलं नाही हे. सराव करून करून हातानं पोलादाला कत मारला आहे. ‘निब हाताला लागली’ असं आपण म्हणतो ते अक्षरशः खरं असतं. आपलं पेन दुसऱ्याला लिहायला द्यायचं नाही, हा घरोघरचा नियम त्यामुळेच होता.

इथं राजमहेंद्रीच्या रत्नम पेनाशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या दांड्या हातच्या लेथवर उतरवून स्वदेशी पेन घडवलं. ते पेन कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पोचलं आणि १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून ते वापरल्याचं आणि परदेशी पेनाला चांगला पर्याय वाटल्याचं कळवलं. कुमारप्पा तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम पाहत होते. म्हणजे देशी पेनाला मिळालेली सर्वांत मोठी पावती महाराष्ट्राच्या मातीतून गेली. रत्नम पेन सुंदर आहे. एबोनाइट हाताला ऊबदार लागतं. त्याची जिभली शाईला प्लास्टिकपेक्षा लवकर धरते. कारागिरानं एकेक पेन स्वतः तपासलेलं असतं. कलावस्तू म्हणून मी रत्नमला पहिला मान देईन. पण ते पेन ज्याला परवडलं, तो आधीच लिहिता होता. कॅम्लिनचं पेन लिहायला शिकणाऱ्याच्या हातात गेलं. स्वदेशीच्या या दोन वाटा आहेत. एक कारागिराची, दुसरी पुरवठादाराची. दुसरीचं रसग्रहण आपल्याकडे फारसं होत नाही.

शाईबद्दल अजून थोडं लिहायला हवं, कारण या घराण्याची खरी कृती तीच. रॉयल ब्लू शाईची बाटली उजेडात धरली तर ती जवळजवळ काळी दिसते. कागदावर पहिल्या क्षणी ती गडद, ओलेपणी थोडी जांभळट झाक असलेली. मग वाळता वाळता ती उघडत जाते आणि शाळेच्या वहीतली ती ओळखीची निळाई वर येते. एकाच अक्षरात दोन छटा दिसतात. रेघेच्या सुरुवातीला फिकट, जिथं पेन क्षणभर थांबलं तिथं गडद. ‘ळ’च्या गाठीत, ‘श’च्या शेपटीत, पूर्णविरामाच्या टिंबात शाई साचते आणि तिथं रंग दाट होतो. लिहिणारा कुठं थांबला, कुठं घाईत होता, कुठल्या शब्दापाशी विचारात पडला, ते वर्षांनंतरही पानावर वाचता येतं. बॉलपेनची रेघ हे सांगत नाही. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखीच. मी जुनी हस्तलिखितं पाहतो तेव्हा मजकुराइतकाच या साचलेल्या ठिपक्यांशी थांबतो.

या शाईला पाण्याची भीती आहे, आणि धुऊन निघणाऱ्या सगळ्याच निळ्या शायांना ती असते. शाळेसाठी तो गुण आहे. पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग निघायला हवा. कायमच्या कागदांसाठी मात्र गडद, टिकाऊ शाई वेगळी घ्यायची. कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात अडत्यांच्या चोपड्या लिहिल्या जायच्या तेव्हा हा भेद दिवाणजींना पक्का ठाऊक असायचा. खतावणी आणि रोजमेळ काळ्या शाईत, खाडाखोड किंवा बाकी दाखवायची तर लाल शाईत. पाटीवर शिकलेल्या मुलाला दुकानात ठेवलं की पहिले काही महिने त्याला चोपडीला हात लावू द्यायचे नाहीत. आधी टिपकागद धरायला शिकायचं. टिपकागद दाबायचा असतो, घासायचा नसतो, हे एवढंसं ज्ञानसुद्धा कुणाकडून तरी मिळवावं लागायचं.

दांडेकरांची पुढची पिढी शाईवरून रंगांकडे गेली. सुभाष दांडेकरांच्या काळात जलरंग, तैलरंग, ब्रश यांत कॅम्लिननं घट्ट पाय रोवले. शाई आणि जलरंग यांचं नातं जवळचं आहे. दोन्हींत रंग, पाणी आणि कागद यांचंच भांडण सोडवायचं असतं. चित्रकारांच्या आमच्या कोल्हापुरात कॅमलच्या रंगांनी हात बसलेली मुलं थोडीथोडकी नाहीत. सुभाष दांडेकर जुलै २०२४ मध्ये गेले. तेव्हा त्यांच्यावर आलेल्या लेखांत रंगपेटी आणि कंपासपेटी खूप होती. शाईची पुडी एखाद्या ओळीपुरती. खंत वाटली.

पेनाचं पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. बॉलपेन स्वस्त झालं, ऐंशीच्या दशकात रेनॉल्ड्सचं पांढरं पेन निळ्या टोपणासह घराघरांत शिरलं, आणि दौत, ड्रॉपर, टिपकागद हे शब्द बोलण्यातून जाऊ लागले. काही शाळांनी शाईच्या पेनाचा आग्रह धरला म्हणून ते तग धरून राहिलं. इतिहासाचा हा भाग मला लांबवावासा वाटत नाही.

२०११ साली मात्र एक गोष्ट घडली ती थांबून पाहण्यासारखी आहे. जपानच्या कोकुयो कंपनीनं साडेतीनशे कोटींहून अधिक रुपये मोजून कॅम्लिनमधला निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला आणि कंपनी कोकुयो कॅम्लिन झाली. मराठी उद्योग परक्याच्या हाती गेला म्हणून तेव्हा हळहळ व्यक्त झाली. हळहळ मलाही वाटली. पण कोकुयो कोण, हे पाहिलं की या व्यवहाराचा रंग थोडा बदलतो. १९०५ साली ओसाका शहरात कुरोदा झेंतारो यांनी तो धंदा सुरू केला, आणि त्यांचा पहिला माल होता हिशेबाच्या चोपड्यांचे पुठ्ठे. आतली पानं नव्हेत, चोपडीही नव्हे. नुसते पुठ्ठे. एक जण चोपडीच्या बाहेरून आला, दुसरा तिच्या आतल्या शाईपासून. दोघांनीही सुरुवात केली ती लिहिण्याच्या धंद्यातल्या सर्वांत साध्या, सर्वांत कमी मानाच्या वस्तूपासून. त्या जपानी माणसाला घोडा छाप पुडीची किंमत समजावून सांगावी लागली नसती, असं मला मनापासून वाटतं.

माझा निवाडा विचाराल तर असा. पेन म्हणून हे पेन मोठं नाही. आकारात नवलाई नाही, घडणीत दागिन्याची हौस नाही. शाई पोचवायचं साधन म्हणून मात्र ते अव्वल आहे, आणि देवनागरी लिहिणाऱ्या हाताला ते ज्या तत्परतेनं साथ देतं ती दहापट किमतीच्या पेनांत मला नेहमी मिळालेली नाही. संग्रहाच्या पेटीत रत्नमशेजारी त्याला जागा द्यायला मला जराही संकोच वाटत नाही.

तुमच्या खणातही असं एखादं पेन असेल. ते टाकू नका. पकड पिळून काढा आणि निबेसकट रात्रभर साध्या कोमट पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको, प्लास्टिक तडकतं. सकाळी पाणी निळं झालेलं दिसेल. ते ओतून पुन्हा ताजं घ्या, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे करत राहा. मग निब मऊ कापडावर टेकवून कोरडी करा, नवी शाई भरा, निब खाली करून पाच मिनिटं उभं ठेवा. लगेच झटकू नका. शाई आपल्या वाटेनं उतरते.

आणि एक विनंती. घरातल्या किंवा दुकानातल्या जुन्या सामानात शाईच्या पुडीचं वेष्टन, वड्यांची डबी, घोडा किंवा उंट छापाचं लेबल, लेखनसामग्रीच्या दुकानाचं जुनं बिल, दरपत्रक असं काही सापडलं तर रद्दीत घालू नका. आपल्या कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. तिथं जाऊन दाखवा, विचारा, शक्य असेल तर देऊन टाका. पेनं टिकतात, पुष्कळांच्या संग्रहात आहेत. शाईची पुडी वापरली की संपते आणि तिचं वेष्टन त्याच दिवशी केरात जातं, म्हणून यातला एकेक कागदही मोलाचा आहे.